नकोशी नावामागचे मन : सामाजिक अभिवृत्तींचे घटक आणि कार्ये

एखादी व्यक्ती, समूह, घटना किंवा कल्पना यांच्याविषयी माणसाच्या मनात अनुकूल वा प्रतिकूल अशी जी टिकाऊ बैठक तयार झालेली असते, आणि त्या विषयाशी गाठ पडताच जी त्याच्या विचारांना, भावनांना व वागण्याला एका बाजूला झुकवते, तिला मानसशास्त्रात 'अभिवृत्ती' अशी संज्ञा आहे. मत बोलून दाखवता येते आणि उद्या बदलताही येते. अभिवृत्ती बहुधा बोलून दाखवली जात नाही, आणि ती आपल्याजवळ आहे याची जाणीवही पुष्कळदा बाळगणाऱ्याला नसते. स्वभावापासून तिचे वेगळेपण असे की अभिवृत्तीला नेहमी कोणतातरी विषय लागतो. माणूस तापट असू शकतो, पण अभिवृत्ती ही सावकाराविषयी, सुनेविषयी, परप्रांतीयाविषयी किंवा लसीविषयी असते. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३५ मध्ये तिचे वर्णन अनुभवातून घडलेली मनाची सज्जता असे केले, आणि पुढच्या बहुतेक व्याख्या त्याच वाटेने गेल्या. अशी बैठक जेव्हा एकट्यादुकट्याची न राहता घराघरांत सारखीच आढळते आणि संगोपनातून पुढच्या पिढीकडे जाते, तेव्हा तिला सामाजिक अभिवृत्ती म्हणायचे.

या विषयावरील पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुतांशी अमेरिकेतील आहेत : तेथील वंशभेद, तेथील निवडणुका, तेथील साबणाच्या जाहिराती. मराठी वाचकाला मात्र सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत याहून बोलके उदाहरण मिळते, आणि ते म्हणजे मुलीच्या जन्माविषयीची अभिवृत्ती. ती जनगणनेच्या आकड्यांत मोजली गेली आहे, मुलींच्या नावांत उमटली आहे, कायद्याने तिच्यातून निघणाऱ्या एका कृतीला गुन्हा ठरवले आहे, आणि तिच्याविरुद्धचा विचारही याच मातीतला आहे. कांद्याच्या बाजारपेठेसाठी व ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामासाठी ओळखले जाणारे लोणंद सातारा जिल्ह्यातील ज्या खंडाळा तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हेही याच जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. मुलींच्या पहिल्या शाळांशी जोडली गेलेली ही दोन्ही नावे ज्या जिल्ह्याची, त्याच जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने एक समारंभ झाला, आणि 'नकोशी' किंवा 'नकुसा' असे नाव लागलेल्या २८५ मुलींना त्यात नवी नावे देण्यात आली.

या नावाकडे थोडे थांबून पाहिले, तर अभिवृत्तीचा अभ्यास किती निसरडा आहे हे ध्यानात येते. महाराष्ट्रात मुलांना ओबडधोबड नावे ठेवण्याची चाल जुनी आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नवसासायासाने झालेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू किंवा भिकू ठेवले जाई. हेतू असा की नियतीची, दृष्टीची, जी कोणती शक्ती मुले ओढून नेते तिची नजर या टाकाऊ वस्तूवर पडू नये. नकोशी हे नावही वरवर त्याच जातीचे दिसते. दोन्हींत नावाने काहीतरी टाळता येते अशी समजूत आहे आणि दोन्हींत मूल हीन ठरवले जाते. परंतु धोंडू हे नाव त्या मुलाला राखण्यासाठी आहे, तर नकोशी हे नाव आता पुढे मुलगी नको, मुलगा यावा, या मागणीसाठी आहे. नाव ठेवण्याच्या कृतीचे रूप एक, मात्र आतली भावना अगदी उलट. केवळ वर्तन टिपून अभिवृत्ती सांगू पाहणाऱ्या अभ्यासकाने ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत.

म्हणूनच अभिवृत्तीचे तीन घटक वेगळे करून पाहण्याची पद्धत मानसशास्त्रात रूढ झाली, आणि रोझेनबर्ग व होव्हलँड यांनी १९६० मध्ये तिला नेमके रूप दिले. बोधात्मक घटक म्हणजे विषयासंबंधीच्या समजुती : मुलगी हे परक्याचे धन, मुलगा वंशाचा दिवा, म्हातारपणी लेकच आधार (येथे लेक म्हणजे अर्थातच मुलगा). भावात्मक घटक म्हणजे त्या विषयाने मनात उठणारे सुख-दुःख. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी, हा रिवाज मिठाईच्या दुकानदारालाही ठाऊक असतो. पेढे सांगितले की तो अभिनंदन करतो, आणि बर्फी सांगितली की बाळ-बाळंतीण सुखरूप ना, असे विचारतो. प्रसूतिगृहाच्या दारात 'लक्ष्मी आली' हे वाक्य ज्या सुरात उच्चारले जाते, त्या सुरात समजूत घालण्याचा भाग अधिक असतो, हेही ऐकणाऱ्याला कळते. वर्तनात्मक घटकात नाव ठेवणे, आजारपणात दवाखान्यात नेण्यास केलेली दिरंगाई, शाळा सोडवणे, आणि आजच्या काळात सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत जाणे, हे सारे येते.

हे तीन घटक एकाच दोरीने बांधलेले असतात आणि एक ओढला की उरलेले आपोआप सरकतात, असा समज पाठ्यपुस्तकांतील त्रिकोणी आकृतीने उगाच पसरवला आहे. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या गतीने चालतात. मुलगी झाल्याचे ऐकून खट्टू झालेला बाप वर्षभरात त्याच मुलीला खांद्यावरून उतरू देत नाही, आणि तरीही पुढच्या खेपेला मुलगाच हवा हे त्याचे म्हणणे तसूभरही हलत नाही. यात ढोंग नाही. खांद्यावरची मुलगी हा एक विषय आहे आणि घरात होऊ घातलेली दुसरी मुलगी हा वेगळा विषय आहे, आणि दोहोंविषयीच्या अभिवृत्ती स्वतंत्र असू शकतात. फिशबाइन आणि आयझेन यांनी १९७० च्या दशकात हेच तत्त्व मांडले, की वर्तनाचे भाकीत करायचे असेल तर अभिवृत्ती त्याच नेमक्या कृतीविषयीची तपासली पाहिजे. सर्वसाधारण स्त्रीविषयक आदर तपासून सोनोग्राफीच्या दारातील वागणे कळत नाही.

हा मुद्दा लोणंदला दरवर्षी आषाढवारीच्या दिवसांत समजून घेता येतो. नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदच्या मुक्कामी येते. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायांच्या पायांवर घरोघरची माणसे डोके ठेवतात, मुक्ताबाई-जनाबाईंचे अभंग गातात, आणि ज्ञानेश्वरांना तर माउली म्हणूनच हाक मारतात. स्त्रीत्वाचा हा गौरव खरा असतो, पण तो एका सामान्य, उंचावर ठेवलेल्या विषयाचा असतो. वारीच्या समतेचेही असेच. इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिलेल्या लेखात नोंदवले आहे, की एकच अभंग गात एकाच वाटेने चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांच्या पंगती मात्र वेगळ्या बसत, आणि ते पाहून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. उलट दिशेची तफावत रिचर्ड लापिए यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकेत प्रवास करताना त्यांनी अडीचशेहून अधिक हॉटेले व खाणावळी पाहिल्या आणि नकार फक्त एकदा मिळाला. नंतर पत्राने विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळवले. तेथे शब्द कठोर आणि वागणे सौम्य होते. वारीत शब्द उदार आणि पंगत कठोर. दोन्हीकडे दोष माणसांच्या सचोटीचा मानण्यापेक्षा, दारात उभा असलेला माणूस आणि कागदावरचा प्रश्न हे दोन वेगळे विषय आहेत असे मानणे अभ्यासाला अधिक उपयोगी पडते.

'पहिली बेटी धनाची पेटी' ही म्हण मुलीच्या कौतुकाची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातील 'पहिली' या अटीकडे सहसा लक्ष जात नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने नेमकी हीच अट आकड्यांत दाखवली : पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या अपत्याच्या वेळी दर हजार मुलग्यांमागे जन्मणाऱ्या मुलींची संख्या १९९० मध्ये ९०६ होती, ती २००५ पर्यंत ८३६ वर आली. ही घसरण शिकलेल्या मातांमध्ये आणि सुस्थितीतील घरांत अधिक होती. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे दर हजार मुलग्यांमागील प्रमाण २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ भरले, आणि कृष्णाकाठचा ऊसपट्टा, जो राज्यातील सधन व शिक्षित भागांपैकी एक, तोच या बाबतीत मागे राहिला. अज्ञानामुळे मुलगी नकोशी होते आणि ज्ञान दिले की ती हवीशी होईल, ही धारणा येथे उघडीच कोसळते. अभिवृत्ती टिकते ती चुकीच्या माहितीवर असेलही, पण बहुतेकदा ती बाळगणाऱ्याचे काहीतरी काम करते म्हणून टिकते.

कार्यांचा हा विचार स्मिथ, ब्रुनर आणि व्हाइट यांनी १९५६ मध्ये मांडला आणि डॅनियल कॅट्झ यांनी १९६० मध्ये त्याला आज परिचित असलेले चौपदरी रूप दिले. लाभ मिळवून देणे व तोटा टाळणे हे समायोजनाचे कार्य. स्वतःविषयीच्या अप्रिय जाणिवेपासून मनाला वाचवणे हे अहंसंरक्षणाचे. आपण कोण आहोत, कशाला मानतो, हे प्रकट करणे मूल्याभिव्यक्तीचे. आणि गुंतागुंतीच्या जगाला सोपी चौकट देणे हे ज्ञानाचे. कॅट्झ यांचे खरे म्हणणे या यादीत नाही. ते असे आहे की एकच अभिवृत्ती शेजारशेजारच्या दोन घरांत दोन निराळी कामे करत असू शकते, आणि म्हणून एका घरात जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्या घरात वाया जातो.

समायोजनाचे कार्य या भागात जमिनीभोवती फिरते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि केंद्राने २००५ मध्ये. कागदावर मुलगी वारस झाली, आणि त्याच क्षणी एका शेतकरी घराच्या दृष्टीने ती जमिनीचा आणखी एक तुकडा पाडणारीही झाली. व्यवहारात काय घडते, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर दिसते. वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणी येतात, त्यांच्यासाठी हक्कसोडपत्र तयार असते, सही किंवा अंगठा होतो, भाऊ चहा-नाश्ता सांगतो, कधी एखादी साडी होते, आणि सातबाऱ्यावर भावांची नावे राहतात. या बहिणी फसवल्या जातात असे म्हणणे सोपे आहे, परंतु त्यांच्यापैकी पुष्कळजणी पूर्ण जाणून सही करतात, कारण त्या सहीच्या बदल्यात माहेरचे दार उघडे राहते : बाळंतपण, सासरी वाद झाल्यास राहायला जागा, भाऊबीज, मुलांच्या लग्नातला मामा. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला हे सारे एका दिवसात गमवावे लागते. जेथे कायदा एक हक्क देतो आणि रिवाज त्या हक्काच्या सोडण्यावर दहा आधार देतो, तेथे मुलीला बोजा मानणारी समजूत तर्कशुद्ध हिशोबासारखी दिसू लागते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पत्नीचे नाव जमिनीवर लावण्याचा आग्रह धरला, त्याचे मानसशास्त्रीय महत्त्व येथे आहे. त्या मोहिमेने स्त्रीविषयीच्या भावनेला आवाहन करण्याऐवजी थेट हिशोबालाच हात घातला.

अहंसंरक्षणाचे कार्य याहून आतले आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. मुलगा हवा असा धोशा घरात बहुतेकदा सासू लावते, यावरून बाईच बाईची वैरीण हा निष्कर्ष कट्ट्यावर आणि व्यासपीठावर सारखाच लोकप्रिय आहे. हा निष्कर्ष आळशी आहे. जिला स्वतःला उमेदीच्या वयात मुलगा होईपर्यंत घरात बसायची जागा नव्हती, जिचा मान पहिल्या मुलग्याच्या बारशाच्या दिवशी सुरू झाला, तिच्या आयुष्यातली सगळी किंमत त्या एका गोष्टीवर उभी असते. नातीच्या जन्माने काही बिघडत नाही असे मान्य करणे म्हणजे आपण सोसले ते विनाकारण होते असे मान्य करणे. आणि ते मान्य करण्यापेक्षा सुनेवर तोच नियम लावणे मनाला कमी जड जाते. ज्या अभिवृत्ती हे काम करतात त्या माहितीने हलत नाहीत, युक्तिवादाने तर अधिकच घट्ट होतात, असे कॅट्झ यांचे निरीक्षण होते. बाळाचे लिंग पुरुषाच्या शुक्राणूवर ठरते हे सांगणारे आरोग्यखात्याचे फलक गावोगाव लागले. ते वाचून सासूला विज्ञान कळले असेल, पण तिच्या अडचणीला त्या फलकावर उत्तर नव्हते.

मूल्याभिव्यक्तीच्या बाबतीत वंश, पिंडदान आणि अग्नी देण्याचा अधिकार यांचा उल्लेख नेहमी होतो. मुलगा नसलेल्या घराला आपण परंपरेत अपुरे आहोत असे वाटते ते येथे. मात्र मूल्ये एकाच दिशेची नसतात. जोतीराव फुले यांच्या अंत्ययात्रेत १८९० मध्ये सावित्रीबाई टिटवे हाती धरून पुढे चालल्या, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. म्हणजे या विधीला दुसरे रूप देणारी कृती सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच झाली आहे आणि ती करणारी स्त्री खंडाळा तालुक्यातली आहे. ३ जानेवारीला शाळांमधून बालिका दिन साजरा होतो, भाषणे होतात, फोटोला हार पडतो. या साजरे करण्यातून मूल्य प्रकट होते, पण ते घरातल्या निर्णयाशी जोडले गेले नाही तर एका स्वतंत्र कप्प्यात राहते.

ज्ञानाचे कार्य येथे त्या मानाने दुय्यम आहे. मुलगा-मुलगी या विभागणीने नातेसंबंध, कामे व वारसा यांची सोय लावून ठेवलेली असते आणि दर वेळी नव्याने विचार करावा लागत नाही, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे.

कायद्याने काय साधते हा प्रश्न त्यानंतर येतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने गर्भवती स्त्रियांच्या सहकार्याने बनावट ग्राहक पाठवून अनेक डॉक्टरांना पुराव्यानिशी पकडून दिले. तरीही २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. कायदा फक्त वर्तनात्मक घटकाला रोखतो, आणि तोही एका टप्प्यावर, हे खरे. पण लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या विसंगतीच्या सिद्धान्तानुसार वर्तन बदलल्यानंतर समजुती त्याच्याशी जुळवून घेऊ लागतात, कारण आपण एक मानतो आणि दुसरे करतो ही अवस्था मनाला फार काळ पेलवत नाही. अट अशी की ते वर्तन सक्तीचे किंवा मोठ्या मोबदल्याचे वाटू नये. पुरेसे बाह्य कारण मिळाले की मन बदलण्याची गरज उरत नाही. मुलगी जन्मल्यावर ठेव किंवा टप्प्याटप्प्याने रक्कम देणाऱ्या सरकारी योजनांची ही मर्यादा आहे : पैसे मिळतात म्हणून मुलगी चालते, असे समजायला त्यांनी जागा ठेवली आहे. त्या मानाने २०११ चा नामकरण समारंभ मानसशास्त्रीयदृष्ट्या अधिक सशक्त होता, कारण बक्षीस नव्हते, आणि ठेवलेले नाव चारचौघांत मागे घेतले गेले.

अभिवृत्ती मोजण्याची साधने १९२० आणि १९३० च्या दशकांत थर्स्टन आणि लिकर्ट यांनी घडवली. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा पायऱ्यांवर खूण करण्याची लिकर्टची पद्धत आजही सर्वांत सोयीची आहे, आणि या विषयात सर्वांत फसवी. मुलगा-मुलगी समान आहेत या विधानाला सातारा-सांगलीत असहमती नोंदवणारे घर सापडणे कठीण, कारण योग्य उत्तर कोणते हे भिंतीवरच्या घोषणांनी सर्वांना शिकवले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याऐवजी आयुष्य पुन्हा सुरू करता आले तर किती मुलगे आणि किती मुली हव्यात, असे विचारले जाते. त्या उत्तरात समानतेची घोषणा मागे पडते आणि आकडे बोलतात. मुलाखत सासूसमोर घेतली की सुनेच्या उत्तरातील मुलग्यांची संख्या बदलू शकते, हेही क्षेत्रकार्य करणाऱ्याला गृहीत धरावे लागते.

गेल्या काही वर्षांत या अभिवृत्तीच्या उपयुक्ततेच्या बाजूला एक अनपेक्षित धक्का बसला आहे. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळेनाशा झाल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मोर्चा नेला. मुलीचा बाप आता अटी घालतो : शेती हवी, पण मुलगा नोकरीचा हवा, आणि शहरात घर असेल तर उत्तम. लग्नाच्या बाजारातील ही वाढलेली किंमत मुलीच्या वडिलांना बळ देते यात शंका नाही. परंतु ज्या घरात मुलीचा जन्म व्हायचा आहे त्या घराला मुलगी हवीशी करण्यास ही किंमत पुरेशी आहे का, हा निराळा प्रश्न आहे, कारण किंमत वाढली तरी मुलगी जाणार दुसऱ्याच घरी, ही समजूत त्या मोर्चाने मुळीच हलवलेली नाही. मोर्चातील तरुणांची मागणी आपल्याला बायको मिळावी अशी होती. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी पहिल्या मुलीनंतर दुसरीही मुलगीच झाली तर पेढे वाटले जातील, हे त्या मागणीवरून सांगता येत नाही.